दिवाळीनंतर शूटिंग? आधी शेवट लिहा

पत्र : मी सांगोला तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. काही कथा, एकांकिका लिहिल्या आहेत. बरेच दिवस एका चित्रपटाची कल्पना डोक्यात आहे. दुष्काळी भागातल्या एका पाणाड्याचं, म्हणजे जमिनीखाली पाणी कुठे आहे ते सांगणाऱ्याचं आयुष्य, आणि त्यातून शेतकऱ्याचं दुःख, अंधश्रद्धा, आजची व्यवस्था हे सगळं दाखवायचं आहे. ओळखीचे एक बांधकाम व्यावसायिक 30 लाख रुपये घालायला तयार आहेत. त्यांना दिवाळी झाली की लगेच शूटिंग सुरू करायचंय. ते म्हणतात, नाव नोंदवून टाकू, कॅमेरा आणि हिरो बुक करू, स्क्रिप्ट तोवर होईलच. कल्पना चोरीला जाईल या भीतीने मी ती कुणाला सविस्तर सांगितलेली नाही. कुठून सुरुवात करू? – एक वाचक, सांगोला

नमस्कार सर,

तुम्ही सहज लिहून गेलात ती ‘दिवाळीनंतर’ ही तारीखच आधी बघू. दिवाळीनंतर तुमच्याकडे रब्बीची ज्वारी रानात उभी असते, ओढ्याला थोडंफार पाणी असतं, बांधावर गवत असतं. कॅमेरा फिरवाल तिकडे हिरवं दिसेल. दुष्काळाचा चित्रपट तुम्हाला एप्रिल-मेमध्येच करावा लागेल, तोही सकाळी 6 ते 11 आणि दुपारी 4 नंतर, कारण भर उन्हात ना माणसं टिकतात ना उजेड चांगला मिळतो. म्हणजे निर्मात्यांशी वाद घालायची गरजच नाही. हंगामाने तुम्हाला सात-आठ महिने दिलेत. त्यातले पाच ते सहा महिने लिखाणाला आणि दोन महिने शूटिंगच्या तयारीला, असा हिशोब धरा. कॅमेरा, हिरो, मुहूर्ताचा नारळ हे सगळं त्यानंतर. आत्ता त्यांचं बुकिंग म्हणजे बाजारात तुरी.

हा क्रम एवढा ताणून धरायचं कारण पैशाचं आहे. एका ओळीत चूक असेल तर ती दुरुस्त करायला काहीच लागत नाही. दहा पानांत असेल तर आठवडा जातो, शंभर पानांत असेल तर महिना. तीच चूक सेटवर सापडली, तर पन्नास माणसांचं जेवण, गाड्या, भाडं यांचं मीटर चालू असताना ती दुरुस्त करावी लागते. आणि बहुतेक वेळा ती दुरुस्त होतच नाही, तशीच चित्रित होते.

विषय आहे, गोष्ट अजून नाही

तुम्ही लिहिलंय तो विषय आहे. त्यावर व्याख्यान होईल, लेख होईल. गोष्ट व्हायला चार गोष्टी लागतात: माणूस कोण, त्याला नेमकं काय हवंय, आड कोण येतंय आणि मिळालं नाही तर त्याचं काय जातं. इंडस्ट्रीत याला लॉगलाइन किंवा वनलाइन म्हणतात. एक वाक्य, फार तर दोन.

तुमच्याच कल्पनेवर करून बघू. पहिला प्रयत्न साधारण असा होतो: ‘नारळावर पाणी दाखवणाऱ्या एका पाणाड्याच्या गावात दुष्काळ पडतो आणि त्याची विद्या खोटी ठरते.’ वाचायला बरं वाटतं, पण यात पाणाड्या काहीच करत नाही. त्याच्यावर गोष्टी कोसळतात आणि तो बघत बसतो. असा नायक दोन तास पाहवत नाही. दुसरा प्रयत्न: ‘सात गावांत नाव असलेल्या तात्या पाणाड्याने दाखवलेल्या जागी त्याच्याच मेहुण्याची तीन बोअरं कोरडी गेली आहेत, डाळिंबाची बाग वाळायला लागल्यावर मेहुणा शेवटचे पैसे घेऊन चौथी जागा मागायला येतो, आणि तात्याचा आता स्वतःच्या विद्येवर विश्वास उरलेला नाही.’

आता तात्याला काहीतरी ठरवावं लागतं. नाही म्हटलं तर नाव जातं, वर बहिणीचं घर तुटतं. हो म्हटलं तर मेहुण्याचे उरलेसुरले पैसेही जाऊ शकतात. बाग किती दिवस तग धरेल, यावरून मुदतही आपोआप ठरते. तुमचं शेतकऱ्याचं दुःख आणि व्यवस्था यातच आहेत, वेगळी दाखवायला नकोत. ही ओळ तुम्ही घ्यावी असं नाही, पण तुमची ओळ निदान एवढं काम करणारी हवी. तीन-चार जणांना ती वाचून दाखवा. ‘छान आहे’ म्हणाले तर पुन्हा लिहा. ‘मग तो काय करतो?’ असं विचारलं, तर पुढच्या पानाला हात घाला.

त्याआधी शेवट ठरवा. पुष्कळ लेखक तो ‘लिहिता लिहिता सापडेल’ म्हणून सोडून देतात आणि साठाव्या पानावर अडकतात. तुमच्या गोष्टीला निदान चार शेवट दिसतात: चौथ्या बोअरला पाणी लागतं, लागत नाही, तात्या जागा दाखवायला नकार देतो, किंवा भूवैज्ञानिकाने सुचवलेली जागा तो आपल्या नावावर दाखवतो. हे चार वेगळे चित्रपट आहेत. पहिला शेवट घेतलात तर थिएटरात टाळ्या पडतील, पण तुमचा अंधश्रद्धेचा मुद्दा त्याच क्षणी बुडेल, कारण नारळ खरा ठरला. दुसरा प्रामाणिक आहे, पण प्रेक्षक कोरडा घरी जाईल. आमचा कल चौथ्याकडे आहे. तिथे तात्याला नाव वाचवायला खोटं बोलावं लागतं, आणि पाणी लागलं तरी त्याच्या गळ्यातला हार त्याला टोचत राहतो. तुम्हाला काय म्हणायचंय ते तुम्ही ठरवा, पण आत्ता ठरवा.

पानं कोणत्या क्रमाने

आधी एक पानाचा सिनॉप्सिस, म्हणजे गोष्टीचा सारांश. चारशे-पाचशे शब्द, वर्तमानकाळात, शेवटासकट. ‘पुढे काय होतं ते पडद्यावर पाहा’ हे पोस्टरवर चालतं. निर्मात्याच्या हातातल्या पानावर शेवट नसेल तर तो समजतो की लेखकालाही माहीत नाही.

मग ट्रीटमेंट, दहा ते पंधरा पानं. यात गोष्ट पडद्यावर जशी उलगडेल तशी सांगायची, शक्यतो संवादांशिवाय. तुम्ही एकांकिका लिहिता, म्हणून हे मुद्दाम सांगतो. नाटकात पात्रं बोलून गोष्ट पुढे नेतात, आणि ती सवय चित्रपटात नडते. ट्रीटमेंटमध्ये ‘तात्याला वाटतं’, ‘त्याला आठवतं’, ‘त्याच्या मनात घालमेल होते’ अशी जितकी वाक्यं येतील त्यांच्याखाली लाल रेघ मारा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा, हे कॅमेऱ्याला कसं दिसणार? उत्तर नसेल तर तो प्रसंग अजून सापडलेला नाही.

त्यानंतर सीन-ऑर्डर. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पोस्टकार्डाएवढे कागद कापा, एका कागदावर एक सीन. दोन तासांच्या चित्रपटाला सत्तर ते नव्वद कागद लागतात. प्रत्येकावर तीनच गोष्टी: कुठे आणि केव्हा, काय घडतं, आणि त्यामुळे काय बदलतं. उदाहरणार्थ:

‘41. मेहुण्याची बाग, पहाट. तात्या एकटाच तळहातावर नारळ आडवा धरून चालतो. एका जागी नारळ उभा राहतो. तो मागे जाऊन डोळे मिटून पुन्हा चालत येतो. त्याच जागेवरून पुढे जातो, नारळ हलत नाही. बदल: नारळ उभा करतो तो आपलाच हात की काय, ही शंका त्याला पहिल्यांदा येते.’

आणि हा नापास कागद: ‘तात्या ओट्यावर उदास बसलेला. दुष्काळाची दृश्यं. पार्श्वसंगीत.’ यात बदलाची ओळ भरताच येत नाही. जिथे ती भरता येत नाही तो कागद बाजूला काढा. पहिल्या फेरीत वीसेक कागद तरी निघतात, निघू द्या.

सगळे कागद जमिनीवर ओळीने मांडले की काही दोष लांबूनच दिसतात. सलग सहा सीन घरातच घडतायत. बहीण तिसाव्या कागदावर येते आणि थेट सत्तराव्यावर उगवते. दोन पात्रं एकच काम करतायत, म्हणजे एक जास्त आहे. आणि मध्यंतर. आपल्याकडे चित्रपट मधोमध थांबतो, त्यामुळे चाळिसाव्या कागदाच्या आसपास असं काही घडायला हवं की वडा खाताना लोकांनी त्याचीच चर्चा करावी. तात्या चौथ्या जागेला ‘हो’ म्हणून बसतो, ही जागा मध्यंतराला चांगली आहे. तिसरं बोअर कोरडं जाणं नाही. तो नुसता अपघात आहे, त्यातून पुढचा प्रश्न उभा राहत नाही.

हे कागद पैसेही वाचवतात. समजा तुम्ही तिन्ही कोरडी बोअरं पडद्यावर घेतलीत. एकच प्रसंग तीनदा, आणि बोअरची गाडी तीनदा. त्याऐवजी चित्रपट सुरू होण्याआधीच ती मारून झालेली असू देत. बागेच्या कडेला तीन केसिंग पाइप जमिनीतून वीतभर वर आलेले, तोंडाला गोणपाट बांधलेलं, एकावर पोरगं बसून पाय हलवतंय. एका शॉटमध्ये सगळा इतिहास सांगून झाला आणि दोन-तीन रात्रींचं शूटिंग वाचलं.

जाऊन बघायच्या गोष्टी

तुम्ही त्याच भागातले आहात, त्यामुळे ‘मला सगळं माहीत आहे’ असं वाटण्याचा धोका तुम्हालाच जास्त. दोन-तीन पाणाड्यांबरोबर प्रत्यक्ष हिंडा. कोण नारळ वापरतो, कोण उंबराची बेचकी; पैसे आधी घेतात की पाणी लागल्यावर; बोअर कोरडं गेलं तर काय सांगतात. शेवटच्या प्रश्नाची उत्तरं शब्दशः लिहून घ्या, तुमचे अर्धे संवाद तिथेच मिळतील. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या एखाद्या भूवैज्ञानिकाला भेटा. बेसॉल्ट या आपल्याकडच्या काळ्या खडकात पाणी झिजलेल्या, सच्छिद्र थरांत आणि भेगांमध्ये असतं. त्यामुळे दहा पावलांवर एक बोअर लागतं आणि दुसरं कोरडं जातं. पाणाड्याचं नाव होणं आणि जाणं, दोन्ही या खडकावर चालतं. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटर, म्हणजे साधारण 200 फुटांहून खोल जाणाऱ्या विहिरींवर निर्बंध आहेत. तुमच्या गोष्टीतला मेहुणा किती फूट खाली जातो आणि ते कुणाच्या नजरेआड, हा धागा ‘आजच्या व्यवस्थे’वरच्या कुठल्याही भाषणापेक्षा उपयोगी पडेल.

आणि एक बोअर पूर्ण मारलं जाताना उभं राहून बघा, वही घेऊन. कॉम्प्रेसरच्या आवाजात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, माणसं हातवारे करून बोलतात. म्हणजे गाडी चालू असताना तुम्ही लिहिलेला दीड पानाचा संवाद तिथे होऊच शकत नाही. तो सीन मुका करावा लागेल किंवा गाडी बंद पडल्यावर घ्यावा लागेल. दगडाची भुकटी उडून माणसं पांढरी होतात, त्यामुळे पुढच्या सीनचे कपडे आणि रंगभूषा बदलते. मुख्य म्हणजे बोअर एकदाच मारता येतं, रिटेक नाही. पाणी उसळण्याचा शॉट टँकर आणि पंप लावून वेगळा घ्यावा लागेल, आणि त्याचा खर्च वेगळा. हे लिहितानाच कळलं तर लेखक मार्ग काढतो. सेटवर कळलं तर प्रॉडक्शन मॅनेजर तो सीनच कापतो.

खर्डा, भाषा, वेळ

सीन-ऑर्डर पक्की झाली की पटकथेचा पहिला खर्डा. रोज दोन-तीन पानं धरली तर सहा ते आठ आठवडे लागतात. प्रत्येक सीनच्या डोक्यावर क्रमांक, आत की बाहेर, ठिकाण, वेळ. वर्णन वर्तमानकाळात आणि आखूड. कॅमेरा कुठून कुठे फिरतो ते लिहू नका, ते दिग्दर्शक आणि कॅमेरामन बघतील.

‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा हिशोब इंग्रजीतल्या ठरावीक फाँटचा, ठरावीक मांडणीचा आहे. देवनागरीत फाँट आणि ओळींमधलं अंतर बदललं की तो साफ चुकतो. खात्रीचा उपाय म्हणजे घड्याळ लावून मोठ्याने वाचन. सांगोल्यात, पंढरपुरात हौशी नाट्यसंस्थांची मंडळी असतील. पाच-सहा जणांना बोलवा, भूमिका वाटून द्या, वर्णनं एकाने वाचावीत. तुम्ही स्वतः वाचू नका. तुम्ही आवाजाने उणिवा झाकाल. ऐकणारे कुठे चुळबुळतात ते पानाच्या कडेला टिपत जा. दीडशे मिनिटं भरली तर संवाद खरडून कमी करण्यात वेळ घालवू नका, पुन्हा कागदांकडे जा आणि अख्खे सीन काढा.

युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या डीटीपी फाँटमध्ये टाइप केलेली फाइल समोरच्याच्या संगणकावर अगम्य चिन्हं होऊन उघडते आणि तो ती बंद करून टाकतो. पाठवताना पीडीएफ, त्यावर तारीख आणि कितवा खर्डा तो क्रमांक.

माणदेशी बोली जरूर ठेवा, पण लेखनाचा नियम एक असू द्या. एका पानावर ‘व्हतं’ आणि पुढच्यावर ‘होतं’ असेल तर नट गोंधळतो. आणि बोलीचा साज म्हणून प्रत्येक वाक्यात म्हण घालू नका; तुमच्या गावातलं कुणीही तसं बोलत नाही.

पहिला खर्डा वाईट असतो. तो तसाच असतो. पंधरा दिवस बाजूला ठेवून मग वाचा, आणि दुसऱ्या खर्ड्यात फक्त गोष्टीची दुरुस्ती करा, संवादांची नाही. संवाद तिसऱ्या खर्ड्यात. दोन्ही एकदम करायला गेलं की उद्या कापायच्या सीनमधली वाक्यं घासण्यात आठवडे जातात.

चोरीचं काय?

कल्पनेवर कॉपीराइट नसतो. ती ज्या रूपात लिहिली त्यावर असतो. ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकाचे लेखक आर. जी. आनंद यांनी ‘न्यू दिल्ली’ या 1956 च्या चित्रपटावर दावा लावला होता. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाच्या बाजूने निकाल दिला: मूळ विचार सारखा असला तरी मांडणी वेगळी असेल तर कॉपीराइटचा भंग होत नाही. म्हणजे ‘पाणाड्यावर चित्रपट’ ही कल्पना तुम्ही कितीही लपवली तरी तुमच्या मालकीची नाही. ऐंशी कागदांची सीन-ऑर्डर आणि पटकथा मात्र तुमची आहे. कल्पना सुरक्षित करायचा मार्ग ती लिहून काढणं हाच.

दुसरी बाजूही आहे. विश्वासाने, गोपनीय म्हणून सविस्तर संकल्पना सादर केली आणि समोरच्याने ती परस्पर वापरली, तर दाद मागता येते. एका मालिकेच्या संकल्पनेवरून मुंबई उच्च न्यायालयाने 2003 मध्ये तशी मनाई केलेली आहे. म्हणून कुणाला गोष्ट ऐकवून आलात की त्याच दिवशी ईमेल करा: ‘आज भेटीत ऐकवलेल्या कथेचा सिनॉप्सिस सोबत जोडला आहे, ही माहिती आपल्या विचारार्थ आणि गोपनीय आहे.’ दोन ओळींचं काम आहे आणि तारखेचा पुरावा तयार होतो.

नोंदणी दोन ठिकाणी होते. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेतलं की सिनॉप्सिस, ट्रीटमेंट, पटकथा ऑनलाइन नोंदवता येते. ही नोंदणी म्हणजे अमुक तारखेला अमुक मजकूर तुमच्याकडे होता याचा पुरावा. वाद झाला तर सभासदांसाठी तक्रार निवारण समितीही आहे. दुसरं, केंद्र सरकारचं कॉपीराइट कार्यालय. पटकथा साहित्यकृती म्हणून नोंदवायला 500 रुपये शुल्क आहे आणि अर्जानंतर हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं. ही नोंदणी सक्तीची नाही, हक्क लिहिल्या क्षणापासून असतो. स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने बाड पाठवून पाकीट न फोडता ठेवायची जुनी युक्ती आहे. कोर्टात तिच्यावर विसंबू नका.

कुणाची कथा, कादंबरी आधाराला घेत असाल तर लिहायच्या आधी लेखी परवानगी घ्या, आणि हक्क प्रकाशकाकडे आहेत की लेखकाच्या वारसांकडे ते तपासा. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यांच्या लेखनावरचा हक्क 2010 अखेर संपला. जात्यावरच्या पारंपरिक ओव्या वापरायला मोकळ्या आहेत. कुणी गाऊन ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्या नाहीत. एखाद्या खऱ्या पाणाड्याचं आयुष्य ओळखू येईल इतकं घेणार असाल तर त्याचं संमतिपत्र घ्या.

निर्मात्यांशी कागद

ओळखीचे आहेत, म्हणूनच कागद करा. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क देणं लेखीच असावं लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेले हक्क वर्षभर वापरले नाहीत तर ते सुटतात, पण करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच. नेमकं ते ‘वेगळं’ छापील करारात असतं, म्हणून ते कलम शोधून वाचा. ठरावीक मुदतीत, समजा 24 महिन्यांत, शूटिंग सुरू झालं नाही तर हक्क तुमच्याकडे परत, हे स्पष्ट लिहून घ्या. थिएटरबाहेरच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीचा लेखकाचा वाटा 2012 च्या दुरुस्तीनंतर करारानेही निर्मात्याला सोडून देता येत नाही, हे त्यांनाही सांगून ठेवा.

मोबदला टप्प्यांनी: सहीला 20 टक्के, ट्रीटमेंटला 20, पहिल्या खर्ड्याला 30, अंतिम खर्ड्याला 30. शेवटचा हप्ता ‘प्रदर्शनानंतर’ असेल तर तो मिळणार नाही असं समजून सही करा. किती खर्डे त्या मोबदल्यात, हा आकडाही घाला, तीन पुरेत. आणि मराठीत कथा, पटकथा, संवाद ही तीन श्रेय वेगवेगळी असतात. उद्या संवादांना दुसरा लेखक आणला तरी कथा-पटकथेचं श्रेय आणि पोस्टरवरचं नाव कोणाचं, ते आजच लिहा.

संस्थेची आणि चित्रपटाच्या नावाची नोंदणी निर्मात्याने करायची असते; मराठीसाठी ती अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळात होते. नावाला कॉपीराइट नसतो, त्यामुळे हवं ते नाव आधीच नोंदलेलं आहे का ते विचारून घ्या. एवढं लवकर केलं तर हरकत नाही. राज्य सरकारचं अनुदान मात्र अंदाजपत्रकाच्या जमेत धरू नका. ते चित्रपट पूर्ण होऊन सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळाल्यावर, परीक्षणानंतर मिळालं तर मिळतं.

30 लाखांतले दोन ते अडीच लाख लिखाणाच्या काळासाठी वेगळे काढायला सांगा: तुमचा मोबदला, संशोधनाचा प्रवास, त्रयस्थ जाणकाराकडून एक वाचन, आणि शेवटी शूटिंगचा खर्च आणि व्यवस्था सांभाळणाऱ्या अनुभवी लाइन प्रोड्युसरकडून ब्रेकडाउन व अंदाजपत्रक. ब्रेकडाउनमध्ये प्रत्येक सीनची लांबी पानाच्या आठव्या भागात मोजतात आणि पात्रं, ठिकाण, दिवस की रात्र, गर्दी, वाहनं, प्राणी वेगळे काढतात. बैल, शेरडं पडद्यावर दिसणार असतील तर भारतीय पशु कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगआधी लागते आणि सेन्सॉरच्या वेळी ती मागतात. मग दिवस मोजायचे. दिवसाचा खर्च सव्वा लाख धरला तर 24 दिवसांतच तुमचे 30 लाख संपतात, आणि संकलन, ध्वनी, संगीत, प्रसिद्धी बाकी राहते. यावर उपाय दोनच: सीन कमी करणं किंवा पैसे वाढवणं. दिवसाला सात-आठ पानं उरकू, हा उपाय नव्हे.

पैसे वाढवायचे झाले तर तयार पटकथाच कामी येते. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ 2007 पासून गोव्यात नोव्हेंबरमध्ये फिल्म बाझार भरवतं. अलीकडे त्याचं नाव वेव्हज फिल्म बाझार झालंय. तिथल्या सहनिर्मिती बाजारासाठी पटकथा, दिग्दर्शकाचं टिपण, अंदाजपत्रक आणि पैसे कुठून येणार याचा तक्ता मागतात. यंदा घाई करू नका, पुढच्या वर्षीच्या मुदतीवर लक्ष ठेवा. ‘तुमची स्क्रिप्ट निवडली, नोंदणीचे इतके भरा’ असा फोन आला तर मात्र तो ठेवून द्या. लेखकाने निर्मात्याला पैसे द्यायचे नसतात.

राहिला हिरो. ओळखीच्या चेहऱ्याच्या नटाकडे दुसरा खर्डा झाल्यावर जा, त्याआधी नाही. बहुतेक जण वाचण्याआधी ऐकायला मागतात, त्याला नॅरेशन म्हणतात. वीस मिनिटांची तयारी ठेवा आणि थेट ‘तात्याच्या मेहुण्याची तीन बोअरं कोरडी गेलीत’ इथून सुरुवात करा. दुष्काळाची आकडेवारी, चित्रपटाचा संदेश, कॅमेरा ड्रोनवरून कसा येतो, यातलं काही नको. तात्याचं वय पन्नाशीच्या पुढचं असेल, हे निर्मात्यांना आजच सांगून टाका, कारण त्यांच्या डोक्यातला हिरो बहुधा पंचविशीचा आहे.

— सल्लागार मंडळ